भाता न उघडता

सर कुणालाही भेटले की आधी त्याच्या हातांकडे बघायचे. तोंडाची पाळी नंतर. नोकरीसाठी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले, घाबरत घाबरत चित्रांची फाईल पुढे केली, तर हे गृहस्थ फाईल सोडून माझ्या नखांकडे बघत बसले. मला वाटलं, नोकरी राहू दे, आता हे पत्रिका मागणार. दोन मिनिटांनी म्हणाले, "अंगठा हट्टी आहे. सोमवारपासून ये." गिरगावात घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नुसता अंगठा? बाकीची तू त्यांना अजून दिसली नाहीस."

मग कळलं की हा प्रसाद सगळ्यांनाच मिळतो. लालबागला एका मसाल्याच्या दुकानाबाहेर मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या बायकांसमोर ते एकदा अर्धा तास उभे राहिले. मी सोबत होते. शेवटी त्यातली एक म्हणाली, "काय ओ काका, मिरची घ्यायचीय की बायको बघताय?" सरांनी गंभीरपणे सांगितलं, "तुमची करंगळी काम करत नाही. ती नुसती सोबत येते." बाई पदर खोचून उठली. मी सरांना दंडाला धरून तिथून काढलं. चूक त्यांची, शिव्या मी खाल्ल्या.

आमचा स्टुडिओ लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या दालनात पोरंपोरी टॅब्लेटवर टूथपेस्टचे राक्षस आणि बिस्किटांची अस्वलं हलवायची. त्यावर स्टुडिओ चालायचा. मागच्या खोलीत सर, मी आणि कागदांचे गठ्ठे. तिथे सरांची फिल्म बनत होती. मोठ्यांसाठीची ॲनिमेशन फिल्म, हे दर वेळी सांगावं लागायचं, कारण कुणीही यायचं आणि विचारायचं, "कार्टून का? मुलांसाठी?" सर म्हणायचे, "ह्यात माणसं दारू पितात, बायकोला विसरतात, संपात हरतात आणि मरतात. तुमच्या मुलांना चालत असेल तर आणा." एकदा फिल्मच्या निर्मात्याने, तो बिचारा पस्तिशीतला सज्जन मुलगा, सुचवलं की बाजाच्या पेटीवर बसणारा एखादा बोलका पोपट टाकूया का. सर त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

फिल्म एका वाजवणाऱ्या घराण्याची होती. घराणं म्हणजे सरांचंच घर. पणजोबा कोकणात दशावतारात मृदंग वाजवायचे. आजोबा गिरणीत आले आणि इथल्या भजनात पेटी धरली. वडिलांनी गिरणीतली तीच नोकरी आणि भजनातली तीच पेटी पुढे चालवली. सर चौथे. सरांना काही वाजवता येत नव्हतं. डिलाईल रोडच्या ज्या चाळीत ते जन्मले त्याच खोलीत म्हाताऱ्या आईबरोबर राहायचे, लग्न केलेलं नव्हतं, आणि वडिलांची पेटी कपाटावर फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

त्यांचा नियम होता: आधी हात, मग तोंड. सगळ्या फिल्ममधल्या सगळ्या माणसांचे हात पुरे झाल्याशिवाय एकाही माणसाचा चेहरा काढायचा नाही. त्यामुळे त्या खोलीच्या चारी भिंतींवर माणसंच माणसं होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसते अंडाकृती गोल. हात मात्र असे की नखाखालची ग्रीसही दिसावी. झाडायला येणाऱ्या मावशींनी दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मी एकटी नाय जानार तिथं. वारा आला की ते हात हलतात." मी म्हटलं, अहो मावशी, कागद हलतो. त्या म्हणाल्या, "मग कागदाचे कोपरे का नाय हलत?" मी हसले. नंतर एकदा मुद्दाम पंखा लावून बघितलं आणि परत कधी बघितलं नाही.

माझं काम मधली चित्रं काढण्याचं. सर पेटीवर उचललेलं बोट काढणार, मग टेकलेलं बोट काढणार. ह्या दोन चित्रांच्या मधली सहा-सात चित्रं माझी. दोन्ही टोकं ठरलेली असतात, आपण फक्त इकडून तिकडे पोचवायचं. ह्या कामात डोकं लागत नाही असं लोक म्हणतात. मीही म्हणायचे, आपण कमीपणा आधीच मान्य केला की दुसऱ्याला मजा येत नाही.

ॲनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर. गाणं रेकॉर्ड करतात, मग त्याबरहुकूम बोटं हलवतात. बाकी सगळी फिल्म सरांनी तशीच केली. एकच प्रसंग त्यांनी उलटा धरला. वडील दुपारी पेटी वाजवताहेत, एवढाच प्रसंग. त्याला आवाज नव्हता. सर नुसती बोटं काढत होते, पट्टी न् पट्टी मोजून, आणि डावा हात मांडीवर स्वस्थ.

का, ते त्यांनी मला डबा खाताना सांगितलं. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरच्यांखेरीज गावचे चार जण राहायचे, सगळे रात्रपाळीवाले. म्हणजे दुपारी ते चौघे जमिनीवर ओळीने झोपलेले. वडिलांची दुसरी पाळी, तीन वाजता लागायची. रियाजाला वेळ मिळायचा तो जेवणानंतरचा, नेमका ह्या लोकांच्या झोपेचा. दमलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, म्हणून वडील पेटीचा भाता उघडायचेच नाहीत. भाता बंद, हवा नाही, आवाज नाही. पट्ट्यांवर नुसती बोटं चालायची. झोपलेल्या माणसांच्या पायापाशी बसून सर ते रोज बघायचे.

"वडिलांना ऐकू यायचं," सर म्हणाले. "मान डोलवायचे ना. मला नाही आलं कधी."

त्यांच्या घरात एक चाल होती. बापाने मुलाला द्यायची, मुलाला बारा वर्षं पुरी झाली की. इतर कुणासमोर वाजवायची नाही, भजनात तर नाहीच. वडील दुपारी तीच घोटायचे. आणि रोज ती अर्ध्याच्या पुढे गेली की गिरणीचा अडीचचा भोंगा व्हायचा. वडील पेटी मिटायचे, टोपी घालायचे आणि निघायचे. सर अकरा वर्षांचे असताना वडील तापाने गेले. म्हणजे सरांनी ती चाल पुरी बघितलेली नाही आणि अजिबात ऐकलेली नाही.

"ती पुरी झाली तर मी ह्या फिल्ममध्ये बसतो," ते म्हणाले. "नाहीतर ही तीन पिढ्यांची फिल्म आहे, आणि मी काढणारा कारागीर." हे सांगताना ते डब्यातली कोलंबी सोलत होते. मी त्यांना माझी भाजी वाढली.

गिरण्या बंद होऊन जमाना झाला. तरी सर दुपारी अडीचला पेन्सिल खाली ठेवायचे. हात उताणा करून टेबलावर ठेवायचे आणि दोन-तीन मिनिटं नुसते बसायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. सुरुवातीला मी ह्याची नक्कल करून पुढच्या पोरांना हसवायचे. वर्षभराने माझ्या लक्षात आलं की सर रजेवर असले तरी अडीचला मीही पेन्सिल खाली ठेवते.

ती चाल पुरी ऐकलेलं एकच माणूस जिवंत होतं, सरांची आई. शिमग्याला सगळे गावी गेले होते, सरांनाही आजीबरोबर पाठवलं होतं, तेव्हा वडिलांनी एकदाच भाता उघडून ती वाजवली. आईला गाता येत नव्हतं. "गळ्यात नाय, पण कानात आसा," म्हणायच्या. म्हणजे कुणी वाजवली तर हो की नाही एवढं त्या सांगू शकत होत्या. त्या पंच्याऐंशीच्या पुढे गेलेल्या, डोळे जवळपास गेलेले, कान मात्र शाबूत.

सरांनी दादरहून एक पेटीवाला आणला. तिशीतला मुलगा, क्लास चालवायचा. त्याला सरांनी चित्रं एकामागून एक दाखवली आणि म्हणाले, ह्या पट्ट्या कुठल्या ते वाच. तो आधी हसला. मग कागदावर सा रे ग म मांडू लागला आणि हसायचा थांबला. "सर, हे उगाच बोटं नाचवलेली नाहीत. चाल आहे ही. बांधलेली." त्याने पेटी उघडून वाजवली तेव्हा सर उठून बाहेर गेले. मी ऐकली. भजनासारखी सुरू व्हायची, ओळखीची वाटायची, आणि मग जिथे खाली उतरेल म्हणून आपण पाय टाकावा तिथे पायरीच नसायची. भोंग्याच्या जागी ती तुटली. मी उगाच मागे वळून दार लागलंय का ते बघितलं.

पुढचा शेवट पेटीवाल्याने स्वतः बसवून बघितला. सरांनी फोनवर रेकॉर्ड करून आईला ऐकवला. आई म्हणाल्या, "न्हय." त्याने दुसरा बसवला. "न्हय." पाच-सहा महिन्यांत सात शेवट झाले. भोंग्यापर्यंत त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि पुढे पहिल्याच सुराला हात हलवायच्या. सातव्या वेळी त्या सरांना म्हणाल्या, "कित्या त्या पोराक तरास देतंस? ता बाहेरसून येवचा नाय."

त्यानंतर सरांचा हात थांबला. ते रोज यायचे, भोंग्यापाशीचं शेवटचं चित्र खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवायचे, त्यावर कोरा कागद घालायचे आणि बसायचे. महिनाभर कोराच. निर्माता आला आणि चाचरत म्हणाला, "सर, तिथेच काळोख करूया ना. बंद पडलेली चाल, छान वाटेल." सर म्हणाले, "तुझ्या बापाचं नाव अर्धं लिहू का? छान वाटेल." नाताळाआधी फिल्म पुरी करायची होती. त्यात दसऱ्याच्या सुमारास आई मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण खाणं तुटलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं ते सरांनी आम्हाला सांगितलं नाही, पण त्यांच्या शर्टाच्या गुंड्या चुकायला लागल्या तेव्हा कळलं.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला म्हणून ते घाईने घरी गेले. मी एकटी होते. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, वैतागही आला होता. वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला कुणीतरी ढकलायला हवं. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्यांच्या कोऱ्या कागदावर पुढचा हात काढला. मग त्यापुढचा. आयुष्यभर दोन चित्रांच्या मधे काढत आले, त्या दिवशी पलीकडच्या टोकाला चित्रच नव्हतं. तरी खोडरबर एकदाही उचलावं लागलं नाही. कुणाची खोटी सही करावी तशी मी सरांची रेघ काढत होते आणि ती येत होती. सव्वीस चित्रं झाली तेव्हा मान वर केली, तर तीन वाजायला आले होते. अडीचला मी पेन्सिल ठेवलीच नव्हती. मी चित्रांना सरांच्या अक्षरात नंबर घातले, गठ्ठ्याखाली सरकवले आणि घरी गेले. वाटेत माझी बोटं गार पडली होती, चरणी रोडला उतरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो गठ्ठा हातात धरून फडफडवून बघितला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. माझ्याकडे बघितलं नाही. फोन उचलून पेटीवाल्याला म्हणाले, "तासाभरात घरी ये. पेटी आणू नको, आमची आहे." मग मला म्हणाले, "तूही चल."

खोलीत आई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. माझी चाहूल लागली तसं म्हणाल्या, "कोण, ती गिरगावची? बस गो. चाय घेतलंस?" सरांनी कपाटावरची पेटी काढली, फडकं सोडलं. पेटीवाला जमिनीवर बसून चित्रांवरून सूर लिहीत गेला आणि शेवटच्या तीन-चार कागदांशी अडला.

"सर, इथे चूक झालीय. डावा हात मांडीवरून उठून पट्ट्यांवर आलाय."

"मग?"

"मग भाता कोण मारणार? डाव्या हाताने भाता चालतो. तो उचलला तर पेटी गप्प."

माझे कान तापले. मला पेटीतलं ओ की ठो कळत नाही. सरांच्या चित्रांत भाता बंद आणि डावा हात कायम मांडीवर, म्हणून मला तो रिकामाच वाटला होता. शेवट आहे, दोन्ही हात येऊ देत, असं वाटून काढला. शाळेतली पोरगीही करणार नाही अशी चूक.

"आहे तसं वाजव," सर म्हणाले.

त्याने भाता उघडला. पेटी आधी खोकली, मग लागली. बाहेर गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती बालदी तशीच ठेवून उभी राहिली. भोंग्याची जागा आली आणि गेली. आईंचा हात हलला नाही. सूर वर चढत गेले, मग त्याने चित्रात होतं तसा भाता सोडून डावा हात पट्ट्यांवर ठेवला. आत उरलेल्या हवेवर तो शेवटचा सूर वाजला, बारीक होत गेला, आणि हवा संपली तशी संपला.

आई म्हणाल्या, "हां."

त्याच पुढे म्हणाल्या, "शेवटाक त्येंचे दोनय हात वर इले. मी म्हटलंय, आता कसा वाजतला? तर वारो उरलेलो, तितक्यानच वाजला." मग म्हणाल्या, "मगे त्येनी पाणी मागल्यानी."

खाटेखालचा तांब्या त्यांनी चाचपडत उचलला. फुलपात्रात पाणी ओतलं. सर त्यांच्या उशाशी होते, पेटीवाला समोर, मी पार दाराशी. डोळे गेलेल्या त्या बाईने फुलपात्र धरलेला हात सरांच्या तोंडावरून पुढे नेला आणि माझ्या दिशेने धरून ठेवला. सर म्हणाले, "आई, अगो इकडे." तरी हात तिथेच. शेवटी मी उठले आणि पाणी प्याले. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "सावकाश."

खाली उतरून आम्ही पुलापर्यंत आलो. ऊन रणरणत होतं, फुटपाथवर ऑफिसवाली पोरं वडापाव खात उभी होती. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, ती शेवटची चित्रं मी काढली."

"माहीत आहे. रेघ सोडताना तू पेन्सिल दाबतेस. मी उचलतो. पहिल्याच कागदाला कळलं."

"मग पेटीवाल्याला कशाला बोलावलंत?"

"आई न्हय म्हणणार अशी खात्री होती. ती तसं म्हणाली की तुला तिथेच चांगली फैलावर घेणार होतो." ते थांबले. माझा हात मागितला. भर रस्त्यात तो उलटसुलट करून बघितला, मिरचीवालीचा बघितला होता तसाच. "तुला कुणी सांगितलं, गो?"

"कुणी नाही. मला वाटलं डावा हात रिकामा आहे." मला रडू यायला लागलं होतं.

"पन्नासच्या वर वर्षं झाली. रोज अडीचला हात मोकळा ठेवून बसलो. म्हटलं, त्यांना द्यायचं असेल तर वाट मोकळी असू दे." त्यांनी माझा हात सोडला. "आणि दिलं तुला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आई त्यानंतर अकरा दिवसांनी गेल्या. सरांनी तेरावं झाल्यावर येऊन दोन आठवड्यांत उरलेलं काम संपवलं. मधली चित्रं त्यांनी मला दिली नाहीत, स्वतःच काढली. माझ्याशी वाकडं वागले नाहीत, पण मी खोलीत आले की बसलेले असले तरी अर्धवट उठायचे, आणि मग काहीतरी शोधायला उठल्यासारखं करायचे. त्याची मला इतकी भीती बसली की मी पुढच्या दालनात बिस्किटांची अस्वलं मागून घेतली. अडीचला सर आता पेन्सिल ठेवत नव्हते.

फिल्म पुरी झाल्यावर ते खोली बंद करून गावी गेले. दादरला एका छोट्या थिएटरात ती आम्हा काम करणाऱ्यांना दाखवली तेव्हा ते आले नाहीत. शेवटी काळ्या पडद्यावर नावं आली. आधी मोठ्या अक्षरात "वाजवणारे", आणि त्याखाली एकाखाली एक पणजोबांचं, आजोबांचं, वडिलांचं नाव. चौथ्या ओळीत माझं. सरांचं नाव पुढे दिग्दर्शक म्हणून एकदा आलं, तेवढंच.

मी बाहेर येऊन थिएटरच्या पायरीवरूनच त्यांना फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सर, ते नाव काढायला सांगा. मला सा कुठला नि रे कुठला तेही कळत नाही."

"मलाही कळत नाही."

"तुमच्या घरातली गोष्ट आहे. तिथे तुमचं नाव हवं."

त्यांनी कोंबड्यांना हुसकावल्याचं ऐकू आलं.

"आईने पाणी कुणाला दिलं?" त्यांनी विचारलं.

"मला," मी म्हटलं.